दर चार तासांनी

डंडीत, एका जुन्या तागाच्या गिरणीत
आता कुत्र्यांना चालायला शिकवतात.
काचेची पेटी, तळाला सरकता पट्टा,
कोमट पाणी हळूहळू चढतं पोटापर्यंत,
आणि मोराग, रबरी पँट घालून आत गुडघ्यांवर बसलेली,
अंगूचा मागचा पाय उचलते, ठेवते, उचलते, ठेवते,
तव्यावरची पोळी उलटावी तितक्या सवयीने.

कागदावर त्याचं नाव अँगस.
वय नऊ, वजन अठ्ठावीस किलो, जात कुणालाच नीट माहीत नाही.
ऑक्टोबरात ब्रॉटी फेरीच्या वाळूवर
सीगलमागे सुसाट सुटला होता.
एकदाच केकाटला
आणि कमरेखालचा कुत्रा तिथेच राहिला.
वरचा कुत्रा माझ्याकडे बघून शेपूट हलवायला गेला.
शेपूट हललं नाही. त्याने मागे वळून पाहिलं.

मणक्यातल्या रक्तवाहिनीत अडकलेला कण,
मोहरीएवढाही नाही, डॉक्टर म्हणाल्या.
सहा आठवडे बघू.
ते आता चौदा झाले.

तेव्हापासून घरातलं घड्याळ त्याचं.
सहाला कूस बदलायची. दहाला. दोनला.
खुबे, टाचा, कोपरं बोटांनी चाचपायची, कुठे लाल दिसतंय का.
मूत्राशय हाताने रिकामं करायचं:
नर्सने माझे तळवे धरून दाखवलं,
पिकलं लिंबू फुटू न देता पिळावं तसं.
पहिल्या दिवशी मी रडत होते, तो जांभया देत होता.
आता जमतं. आता धार लागली की
मी मोठ्याने "शाब्बास" म्हणते,
कुणाला ते विचारू नका.

विम्याची मर्यादा डिसेंबरात संपली.
फोनवर मी बोलून गेले,
एका वेळचे अठ्ठेचाळीस पाउंड,
आणि तिकडे चाळीसगावला कुमुद गप्प झाली.
मनातल्या मनात रुपये करत असणार.
मग म्हणाली, "कुत्र्याला?"
बस, एवढंच. पुढे भाचीच्या परीक्षेचं बोललो.

रात्री दोनला, अंगूच्या खुब्याखाली हात घालताना
तो शब्द परत आला.
बाबा अंथरुणाला खिळले ते एकोणीस महिने.
मी दर महिन्याला पैसे पाठवले, एक तारीख चुकवली नाही.
हवा भरायची गादी पाठवली.
रविवारी विचारायचे, "कसे आहेत?"
ती म्हणायची, "आहेत."
एकोणीस महिने, दिवसातून सहा वेळा:
हिशोब करायला मला कागद लागला.
तिने कधी केला नसेल.
आणि बाबा काही अठ्ठावीस किलोचे नव्हते.

हे सांगायलाच दुसऱ्या दिवशी फोन लावला.
सांगितलं नाही.
हवेचं बोलले, टे नदीवरच्या धुक्याचं.
तीच मध्ये तोडून म्हणाली,
"पावडर लावत असशील तर बंद कर,
ओलीने गोळे होतात, तेच टोचतात.
खोबरेल लाव, पण रगडू नकोस.
आणि पायांच्या मध्ये काहीतरी मऊ हवं, पातळ,
जुन्या लुगड्याची घडी असली तरी पुरे."
जरा थांबून, "तुझ्याकडे कुठलं तिथे लुगडं."

होतं.
सुटकेसच्या तळाशी, आईचं, जांभळ्या काठाचं.
कात्री लावताना वाटलं त्याहून सोपं फाटलं.
खोबरेल अंगूने चाटून संपवलं.

या गुरुवारी पेटीत
मोरागने क्षणभर हात काढून घेतला.
डावा पाय आपला आपण उचलला गेला, पट्ट्यावर पडला,
उलटा, बोटं दुमडून, पण पडला.
पुन्हा एकदा.
मोराग खोटं बोलत नाही.
म्हणाली, "याला चालणं म्हणू नका अजून.
ही नुसती कण्याची सवय असेल.
कदाचित त्याच्या डोक्याला पत्ताही नसेल."

"चालेल," मी म्हणाले.
मराठीतच निघालं तोंडातून.
पाणी उतरत होतं.
अंगू टॉवेलचं टोक धरून ओढत होता.